शनिवारची मधली सुट्टी

"आता इरफान. नाव, गाव आणि पहिलं ठिगळ," असं म्हणून हेरवाडे सर फळ्याशेजारच्या स्टुलावर बसले.

गडहिंग्लजच्या एका हायस्कुलातला पाचवीचा वर्ग होता तो. मे महिना असल्यामुळे पोरं नव्हती, आणि त्यांच्या बाकांवर आम्ही वीसेक थोराड माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. इरफान मुजावर माझ्याच बाकावर होता. तो उठला तेव्हा बाकही थोडा त्याच्याबरोबर उठला.

"इरफान मुजावर, मिरज. लग्नाचे फोटो काढतो. पुढं लग्न मोडलं तर मी जबाबदार नाही." सगळे हसले. "आणि माझं पहिलं ठिगळ म्हणजे शनिवारची मधली सुट्टी."

पुढचा नंबर माझा होता, आणि मी बसमध्ये तीन तास घोकून आलेलं वाक्य अक्षरशः हेच होतं.

आधी 'तासिका'बद्दल सांगायला हवं. शाळेचं वेळापत्रक करणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. मराठीच्या बाई एकाच वेळी दोन वर्गांवर जाऊ शकत नाहीत, जेवल्याजेवल्या पीटी नको, शेवटच्या तासाला गणित नको, आणि हे सगळं जमवलं की कुणीतरी शिक्षक रजेवर जातो. हेरवाडे सर गणिताचे. आयुष्यभर हा घोळ निस्तरला आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी तो घोळ निस्तरणारा एक प्रोग्रॅम लिहिला, तोच 'तासिका'. तो शाळांना फुकट दिला, आणि आतला सगळा कोडही उघडा ठेवला. कुणीही बघावा, कुणीही सुधारावा. सुधारणा मेलनं सरांकडे पाठवायची, तिला आम्ही ठिगळ म्हणायचो. सर ते तपासणार, पसंत पडलं तर पुढच्या आवृत्तीत घेणार आणि आभाराच्या यादीत तुमचं नाव घालणार. मूळ प्रोग्रॅमची किल्ली एकट्या सरांकडे. पुढं अशा कामात कुणी कधी काय बदललं हे जगाला दिसायची सोय झाली, पण तेव्हा आमचा सगळा कारभार झिप फायलींवर आणि विश्वासावर चालायचा.

मी शर्मिष्ठा मगदूम, इचलकरंजीची. इंजिनिअरिंगला दोन वर्षं गटांगळ्या खाऊन घरी बसले होते. एका शाळेत मैत्रिणीला भेटायला गेले असताना तिथल्या भिंतीवर 'तासिका'नं छापलेलं वेळापत्रक दिसलं. शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटत होती आणि मधली सुट्टी होती दुपारी दोनला! बाकीचे त्यावर हसून पुढं जात होते. मला मात्र दुसऱ्याच्या घरचं झाकण दिसलं तरी आत काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आई म्हणायची, या पोरीचं नाक तिच्या पायाच्या आधी घरात शिरतं. मी कोड उतरवून घेतला. प्रोग्रॅम रोज घड्याळ बघून सुट्टी देत होता, शनिवारीसुद्धा. घड्याळ सोडून तासिका मोजायला लावल्या की झालं. तीन ओळींचं काम. मी ते पाठवलं आणि सरांचं उत्तर आलं, "शाब्बास पोरी. आता पुढचं बघ."

दोन वर्षांत मला शाब्बास म्हणणारा तो पहिला माणूस. मी ते उत्तर घरात सगळ्यांना दाखवलं, शेजारच्या काकूंना इंटरनेट म्हणजे काय ते समजावून मग दाखवलं. मी पुढचं बघितलं, त्याच्या पुढचंही बघितलं. मग नवी आवृत्ती आली. हौसेनं पहिला शनिवारच छापला, तर मधली सुट्टी दुपारी दोनला.

माझं ठिगळ सरांनी काढून टाकलं होतं.

का काढलं, हे विचारलं नाही. जगाच्या भानगडीत नाक खुपसणारी मी, पण या एका बाबतीत तोंड उघडलं नाही. कारण उत्तर मला माहीत होतं असं मला वाटत होतं. कॉलेजात जे कळलं होतं तेच इथंही कळलं, की आपल्याला हे येत नाही. जयसिंगपूरला मामांचं खतांचं दुकान होतं, तिथं बिलं करायला माणूस हवा होता. सोमवारपासून येते असं मी मामांना सांगून टाकलं होतं. 'तासिका'वाल्यांच्या या रविवारच्या मेळाव्याला फक्त एकदा सरांना प्रत्यक्ष बघावं आणि मुकाट्यानं परत जावं, एवढ्यासाठी आले होते.

"आता तुम्ही, मगदूम," सर म्हणाले.

मी उभी राहिले. दुसरं एखादं ठिगळ सांगून वेळ मारून नेता आली असती. पण आता नाक जागं झालं होतं.

"शर्मिष्ठा मगदूम, इचलकरंजी. माझं पहिलं ठिगळपण शनिवारची मधली सुट्टीच."

थोडा हशा झाला आणि अर्ध्यातच विरला. इरफाननं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "कधीचं म्हणताय?"

"गेल्या गणपतीतलं."

"माझं त्याच्या आदल्या उन्हाळ्यातलं."

खिडकीजवळून सदानंद नार्वेकरांचा आवाज आला. पुण्याच्या मोठ्या कंपनीत होते ते, आमच्यातले सगळ्यात जाणते. चष्मा पुसत सावकाश म्हणाले, "गंमत आहे. माझंही पहिलं तेच होतं. तुम्हा दोघांच्याही आधी."

मागच्या बाकांवरून आणखी दोन हात वर आले, एक अर्धवट, एक पुरता.

"अहो, पण दुरुस्त कुठं झालंय ते?" गुरव बाई म्हणाल्या. त्या आजऱ्याकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. कोड त्यांना येत नव्हता, पण 'तासिका' वापरणाऱ्यांच्या वतीनं त्या दर मेळाव्याला यायच्या आणि भांडून जायच्या. "परवाच जूनचं छापलं की मी. शनिवारी शाळा सुटल्यावर सुट्टी. गेल्या वर्षी साहेब तपासणीला आले तेव्हा म्हणाले, बाई, तुमच्याकडं पोरं घरी जाऊन सुट्टी घेतात काय? तेव्हापासून दर वेळी पांढरी शाई लावून हातानं लिहिते मी."

आता सगळा वर्ग सरांकडे बघत होता. सर उठले, धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, "चहा आला असेल. चहा घेऊ या."

पाण्याच्या पंपाजवळच्या कडुलिंबाखाली चहा होता. तिथं एकेकानं आपापले तर्क काढले. नार्वेकरांचं म्हणणं, म्हातारपणी फायलींचा गोंधळ होतो, सर जुनीच फाइल उचलत असतील. एकदा होईल तसं, इरफान म्हणाला, पाचदा कसं होईल? प्रोग्रॅमला शनिवारची साडेसाती आहे, शनीला तेल घाला.

मला हसू येत नव्हतं. "इरफानभाई, तुमचं काढलेलं तुम्हाला कळलं होतं?"

तो कपात बघत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कळलं होतं की. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. सर भले माणूस, तोंडावर बोलत नाहीत. म्हणून मग परीक्षांचं वेळापत्रक लिहायला घेतलं. म्हटलं, हे तरी असं लिहू की काढायची छाती होऊ नये."

"आणि विचारलं का नाही?"

"तुम्ही विचारलं?"

मी नार्वेकरांकडे बघितलं. ते पुन्हा चष्मा पुसत होते. स्वच्छच होता तो. "मला वाटलं, फक्त माझं काढलं," ते म्हणाले.

मला एकदम हलकं वाटलं आणि त्याच दमात भयंकर राग आला. माझं एकटीचं काढलं नव्हतं याचं बरं वाटलं. पण इतकी माणसं इतके दिवस आपापल्या घरी बसून तोच कमीपणा गिळत होती याचा राग. कप तिथंच ठेवून मी वर्गाकडे गेले.

सर एकटेच होते. फळा कोरा होता तरी डस्टर हातात घेऊन उभे होते.

"सर, आमची ठिगळं तुम्ही काढलीत?"

"काढली." त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "बस."

"मी उभीच बरी आहे."

"मग मी बसतो." ते स्टुलावर बसले. "तू शाळेत गणितात कशी होतीस?"

"सर, विषय बदलू नका."

"बदलत नाही. मी शिकवायचो तेव्हा एक करायचो. फळ्यावर मुद्दाम चुकायचो. पहिल्या बाकावरचं पोर पकडेल अशी चूक नव्हे. ते काय, पुस्तकातलीही पकडतं. शेवटच्या बाकावर जे खिडकीबाहेर बघत बसलेलं असतं, त्याला दिसेल अशी. ते पोर बिचकत बिचकत हात वर करतं. सर, चुकलं तुमचं! त्या दिवसापासून ते गणिताचं होतं. तीस वर्षं बघितलंय मी."

"मग?"

"मग हा प्रोग्रॅम लिहिला. दोन वर्षं एकटा होतो. शाळा वापरायच्या, नमस्कार करायच्या, पण मदतीला कोण येईना. शनिवारची चूक खरंच माझी होती. पेठवडगावच्या एका पोरानं पकडली, अजित हारुगले. मी घेतली त्याची दुरुस्ती. पुढच्या आवृत्तीला माझ्याकडनं जुनी फाइल गेली, चूक परत आली, आणि त्याच चुकीपायी नार्वेकर आले. आले ते राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चांगल्या कामाला लोक हात जोडतात नि पुढं जातात. चुकलेल्या कामाला हात लावतात. मग मी ती चूक ठेवूनच दिली. कुणी दुरुस्त केली की शाब्बास म्हणायचं नि पुढच्या माणसासाठी परत घालायची." ते माझ्याकडे बघून हसले, खरंच आनंदानं. "तूही त्याच दारानं आलीस की नाही?"

आले होते, हे खरं होतं. भिंतीवरची ती वेडगळ सुट्टी दिसली नसती तर मी कधीच आले नसते. बोलता बोलता सरांनी फळ्यावर खडू टेकवला होता, एक पांढरा ठिपका उमटला होता. त्या ठिपक्याकडे बघता बघता मला सुचलं.

"सर, शेवटच्या बाकावरच्या पोरानं चूक दाखवली की तुम्ही काय करायचा?"

"म्हणजे?"

"फळ्यावर ती तशीच ठेवायचा की पुसायचा?"

"पुसायचो की! सगळ्या वर्गादेखत पुसायचो. बरोबर काय ते त्यालाच लिहायला..."

वाक्य तिथंच थांबलं.

"आमची पुसली नाही तुम्ही," मी म्हणाले. आता थांबणं शक्य नव्हतं. "शाब्बास म्हणालात नि आमची पाठ वळल्यावर परत लिहून ठेवली. इरफानभाईंना वाटलं त्यांचं चुकलं. नार्वेकरांना वाटलं त्यांचं. मी उद्यापासून मामांच्या दुकानात खताची बिलं करायला जाणार आहे सर, कारण मला वाटलं मला यातलं काही येत नाही."

बाहेर पंप चालू झाल्याचा आवाज येत होता. मग सर म्हणाले, पण मला नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखं. "हारुगले परत आला नाही. मला वाटलं नोकरी लागली असेल."

"त्याचंही काढलंत ना?"

"त्याचं मुद्दाम नव्हतं काढलं गं."

"ते त्याला कुठं माहीत आहे?"

सर उठले. फळ्यावरचा तो एवढासा ठिपका त्यांनी डस्टरनं पुसला, दारात गेले आणि ज्या आवाजात कधीकाळी वर्ग गप्प बसवत असतील त्या आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी आत या."

त्यांनी काही लपवलं नाही. फळ्याची युक्ती सांगितली, जुनी फाइल सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "पुसायचं राहिलं माझ्याकडनं. तुमची ठिगळं बरोबर होती. सगळ्यांची."

आपल्यापेक्षा वडील माणूस असा उभा राहिला की राग कुठं ठेवावा ते कळत नाही. बोलल्या त्या गुरव बाई.

"ते सगळं खरं सर, पण आमच्या शाळा म्हणजे तुमचा फळा व्हय? तुमची माणसं जमायची म्हणून मी पांढरी शाई लावत बसू?"

"चुकलं बाई," सर म्हणाले.

"पण मग नवी माणसं आणायची कशी?" नार्वेकरांनी विचारलं. "सरांचं एक खरं आहे. मी चूक बघूनच आलो."

"चूक कशाला हवी? कामं काय कमी आहेत?" मी म्हणाले. "मला रांग लावून सांगता येतील. सोपी सोपी तुम्ही जाणती माणसं सकाळी दात घासता घासता उरकून टाकता. ती उरकू नका. बाजूला ठेवा आणि वर लिहून ठेवा, हे नव्या माणसासाठी आहे. चोरून नाही, उघड."

"मागनं येणाऱ्याचं ताट वाढून झाकून ठेवतात की घरात," गुरव बाई म्हणाल्या. "तसंच ते."

"झाकलेलं ताट," इरफान म्हणाला. "हे नाव माझ्यातर्फे पक्कं."

मग सगळे शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये गेलो. सरांनी त्यांचा कोड उघडला, ती ओळ समोर आणली, आणि खुर्चीतून उठून मला म्हणाले, "बस. पूस तू."

मी बसले. मागून पाचसहा माणसं खांद्यावरून वाकून बघत होती. माझं ठिगळ मला तोंडपाठ होतं. बोटं ठेवली आणि थांबले.

"सर, हारुगलेंनी पाठवलेलं आहे का अजून?"

सरांना मेल पुसायची सवय नव्हती. शोधल्यावर सापडलं. ओळी जवळपास माझ्याच होत्या, घड्याळ सोडायचं आणि तासिका मोजायच्या. फक्त वर त्यानं एक टीप लिहिली होती: 'माझा धाकटा भाऊ शनिवारी विचारतो, दादा, आमची सुट्टी कुठं गेली. त्याच्यासाठी.'

ते वाचून इरफानसारख्या माणसानं खिडकीकडे तोंड वळवलं. मी हारुगलेचं ठिगळ घातलं, टिपेसकट. शनिवार छापून बघितला. सुट्टी शाळेच्या मधोमध होती. गुरव बाईंनी तो कागद माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला आणि पर्समध्ये घातला. आभाराची यादीही त्याच बैठकीत बदलली. नुसती नावं न ठेवता कुणी काय केलं ते प्रत्येक नावापुढं लिहिलं. शनिवारच्या मधल्या सुट्टीपुढं एकाखाली एक सगळ्यांची नावं आली, सगळ्यात वर अजित हारुगले. सरांनी त्याच्या जुन्या पत्त्यावर मेल केला, मी तो वाचला नाही. त्यात नाक खुपसू नये एवढं मलाही कळत होतं.

एसटी स्टँडवरून मामांना फोन लावला.

"मामा, मी उद्या येत नाही."

"का गं? बरं नाही काय?"

"बरी आहे. शनिवारची सुट्टी दुरुस्त झाली."

"अगं, आज रविवार आहे!" मामा ओरडले. ते अजूनही लग्नकार्यात भेटले की हा किस्सा चारचौघांत सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात मी दर वेळी थोडी जास्त वेडी होते.

सरांनी नंतर तीन वर्षांनी 'तासिका'ची किल्ली माझ्या हवाली केली. अजून माझ्याकडेच आहे. चुका आमच्याकडे भरपूर आहेत, पण एकही मुद्दाम ठेवलेली नाही. झाकलेली ताटंही कायम असतात. ती उरकून टाकायला जाणत्यांचे हात शिवशिवतात, तेव्हा मी त्यांना ओरडते.

पण पहिलं ताट आम्ही नव्या आवृत्तीसोबत मांडलं तेव्हा कितीतरी दिवस कुणी फिरकलंच नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा आपोआप टाकायचं सोपं काम होतं ते. मी रोज बघायची, तसंच पडलेलं. सरांचं बरोबर होतं की काय, असं वाटायला लागलं होतं. पावसाळा संपता संपता एका सकाळी अनोळखी पत्त्यावरून मेल आला. खाली नाव होतं अजित हारुगले, पेठवडगाव. मजकूर दोनच ओळींचा.

'शनिवार बघितला. झाकलेलं ताट अजून आहे का?'